तिरंदाजी: नाशिकच्या मैदानातून आशियाई स्पर्धेकडे जायचं तर सुरुवात कुठून करायची

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (नावाला 2022 ची, प्रत्यक्षात झाली 2023 मध्ये) भारताने तिरंदाजीत नऊ पदकं मिळवली. त्यात पाच सुवर्ण. नागपूरचा ओजस देवतळे, साताऱ्याची अदिती स्वामी, बुलढाण्याचा प्रथमेश जावकर ही आपल्याकडची नावं पेपरात झळकली, आणि तेव्हापासून सोसायटीत, शाळेच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न येतो: "आमच्या पोरालाही तिरंदाजीला घालायचंय, क्लास कुठे आहे?"

क्लास दुसऱ्या नंबरचा प्रश्न. ज्या स्पर्धेचं स्वप्न बघताय तिथे काय खेळलं जातं, किती अंतरावरून, कसे गुण मोजतात, हे आधी समजून घ्या आणि तिथून उलटं मोजत घरापर्यंत या. असं केलं की कोणतं धनुष्य, किती खर्च, कोणते कागद हे आपोआप सुटत जातं. आमची मुलगी रिकर्व्ह खेळते. पालक म्हणून या सगळ्यातून गेल्यावर जे कळलं ते क्रमाने लिहितो.

## 1. आधी धनुष्य ठरवा, मग क्लास

आपल्याकडे मैदानावर तीन प्रकार दिसतील.

इंडियन राउंड. लाकूड-बांबूचं साधं धनुष्य. त्यावर साईट (नेम धरायची खूण) नाही, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) नाही. शालेय, विद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धांत याचा वेगळा गट असतो. स्वस्त पडतं, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांचा हात तर यावर पटकन बसतो. पण हा प्रकार ना आशियाई स्पर्धेत आहे, ना ऑलिंपिकमध्ये. राष्ट्रीय पदक गळ्यात पडल्यावर हे कळलेले पालक मी पाहिलेत. पाया म्हणून इंडियन राउंड उत्तम, पण पुढे बदलायचं आहे हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

रिकर्व्ह. ज्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात ते. ऑलिंपिकमध्ये 1972 पासून आतापर्यंत फक्त हेच चालत आलं आहे. अंतर 70 मीटर, टार्गेट 122 सेंटीमीटरचं. त्यातलं दहा गुणांचं पिवळं वर्तुळ 12.2 सेंटीमीटर, म्हणजे चहाच्या बशीएवढं.

कंपाउंड. कप्पी असलेलं, यांत्रिक दिसणारं धनुष्य. 50 मीटर, 80 सेंटीमीटरचं टार्गेट. आशियाई स्पर्धेत हा प्रकार 2014 च्या इंचॉनपासून आहे. हांगझोऊची आपली पाचही सुवर्णं कंपाउंडची होती. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच येते आहे.

मग घ्यायचं कोणतं? माझं मत विचाराल तर बारा-तेराच्या आतल्या मुलाला रिकर्व्हच द्या. पाठीचे स्नायू, अँकर (ओढलेली दोरी चेहऱ्याशी थांबवायची ठरलेली जागा), रिलीज (दोरी सोडणं) हे सगळं त्यात घडतं. तिथून कंपाउंडकडे जाणं सोपं, उलट प्रवास जड जातो. मूल सोळा-सतराचं असेल आणि लवकर निकाल हवा असेल तर कंपाउंडचा विचार करायला हरकत नाही. काही प्रशिक्षकांना हे पटणार नाही. त्यांचं ऐका, पण कारण विचारा. "आमच्याकडे हेच धनुष्य आहे" हे कारण होत नाही.

## 2. डोळा तपासा, हात मोजा

हे घरी दोन मिनिटांत होतं आणि तरी बरेच जण टाळतात. मुलाला दोन्ही हात सरळ पुढे करायला सांगा, दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मधे छोटी खिडकी करायला लावा, आणि त्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा. आता एक-एक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो प्रमुख डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताने दोरी ओढायची, डावा असेल तर डाव्या.

गोची इथेच आहे. बहुतेक क्लासमध्ये शिकायला ठेवलेली धनुष्यं उजव्या हाताची असतात. डाव्या डोळ्याच्या मुलाला "होईल सवय" म्हणून तेच हातात देतात. मग वर्षभराने बाण एकाच बाजूला का जातात यावर चर्चा सुरू होते. डावखुऱ्या बाजूचं धनुष्य आहे का, हे फी भरायच्या आधी विचारा.

दुसरं माप ड्रॉ लेंग्थचं, म्हणजे दोरी किती मागे येणार ते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर इंचात घ्या, त्याला अडीचने भागा. अंदाज येतो. वाढत्या वयात हे सतत बदलतं, म्हणून दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

## 3. मैदान आणि प्रशिक्षक शोधणं

चौकशीची सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, पंचवटीत हिरावाडीचं विभागीय क्रीडा संकुल आणि जिल्हा तिरंदाजी संघटना इथून करा. कोणता क्लास संघटनेशी जोडलेला आहे ते तिथे कळतं. जोडलेला नसेल तर शिकता येईल, पण जिल्हा स्पर्धेत नाव घालताना धावपळ होते.

मैदानावर गेलात की एक तास नुसते कडेला उभे राहा. या गोष्टी बघा:

- सगळे एकाच रेषेवरून सोडतात का, आणि बाण आणायला सगळे एकदमच जातात का. एक जण सोडतोय आणि दुसरा टार्गेटकडे चाललाय असं दिसलं तर तिथून निघा.
- टार्गेटच्या मागे मातीचा बांध, भिंत किंवा जाळी आहे का. मागे रस्ता किंवा जॉगिंग ट्रॅक असेल तर विषय संपला.
- 70 मीटर सरळ जागा आहे का. गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या बाजूला छोट्या जागेत चालणारे वर्ग पहिल्या वर्षाला पुरतात, पुढे नाही.
- पावसाळ्यात काय करतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या मैदानाचा भरवसा नाही. शेडमध्ये 18 मीटरचा सराव होतो का, विचारा.

पावसाबद्दल एक लक्षात असू द्या. सराव बंद पडला तरी स्पर्धा पडत नाही. विजा चमकत नसतील तर पावसातही नेम धरावाच लागतो. म्हणून हलक्या सरींत मुलांना रेषेवर उभं करणारे सर मला जास्त आवडतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून थंडी येते तेव्हा सकाळी साडेसहाला बोटं बधिर होतात आणि रिलीज बिघडतो. त्या दिवसांत सराव नऊनंतर ठेवलेला बरा.

## 4. साहित्य: घाई केलीत की पैसे गेले

पहिले सहा महिने स्वतःचं धनुष्य घेऊ नका. क्लासचं वापरा. तोवर मुलाची आवडही कळते आणि मापही स्थिरावतं.

मग रिकर्व्हसाठी साधारण हे लागतं:

- राइजर (मधला दांडा) आणि लिंब्स (दोन पाती)
- दोरी, आणि एक जुळवलेली जादा दोरी
- साईट, अ‍ॅरो रेस्ट, बटन, क्लिकर (दोरी पुरेशी ओढली की टिक वाजणारी पट्टी)
- स्टॅबिलायझर
- बाण, एकाच स्पाइनचे (म्हणजे सारख्याच लवचिकतेचे), डझनभर तरी
- फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं संरक्षण), आर्म गार्ड, चेस्ट गार्ड
- क्विव्हर (भाता), बो स्टँड, स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन)
- अ‍ॅलन कीचा संच, नॉक (बाणाच्या शेपटीची खाच), मेण, फ्लेचिंगचं (बाणाला पिसं लावायचं) सामान

शिकाऊ संच काही हजारांत येतो. स्पर्धेचा संच कोरिया-अमेरिकेहून येणारा, तो लाखांच्या घरात जातो. मधली वाट म्हणजे राइजर चांगला घ्यायचा आणि लिंब्स बदलत राहायचे. राइजर वर्षानुवर्षं टिकतो. लिंब्स ताकदीप्रमाणे वाढवावे लागतात, आणि मोठ्या मुलांचे जुने लिंब्स मैदानावरच अर्ध्या किमतीत मिळतात. जुनं घेताना लिंबच्या कडेवरून नख फिरवा. भेग असेल तर नखाला लागते.

सगळ्यात मोठा सापळा ड्रॉ वेटचा, म्हणजे ओढायला किती पौंड जोर लागतो त्याचा. मुलांमध्ये याची चढाओढ लागते: "मी तीस ओढतो." ओढणं वेगळं आणि ओढून, अँकरला थांबवून, शंभरावा बाणही पहिल्यासारखा सोडणं वेगळं. सुरुवातीला 16 ते 24 पौंडांत ठेवा. खांदा वर उचलला जातोय किंवा मान मागे जातेय असं दिसलं की पौंड जास्त आहेत असं समजा. दुखावलेल्या खांद्यापायी हंगाम वाया जातो.

बाण धनुष्याला जुळले पाहिजेत. मित्राचे उरलेले बाण स्वस्तात मिळाले म्हणून घ्याल तर स्पाइन जुळणार नाही, आणि मूल स्वतःच्या हाताला दोष देत बसेल. कंपाउंडला आंतरराष्ट्रीय नियमात 60 पौंडांची कमाल मर्यादा आहे, आणि बाणाची जाडी 9.3 मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मोठ्या स्पर्धेत साहित्य तपासतात.

## 5. कागदपत्रं

इथे नाशिकचे पालक सर्वांत जास्त अडकतात. एक फाइल करा, त्यात मूळ कागद आणि तीन-तीन झेरॉक्स:

- जन्माचा दाखला
- आधार कार्ड
- शाळेचा बोनाफाइड, शक्यतो जनरल रजिस्टर क्रमांकासह
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- डॉक्टरांचं तंदुरुस्ती प्रमाणपत्र
- संघटनेची खेळाडू नोंदणी, आणि त्यात जिल्हा व राज्य बरोबर नोंदलं आहे याची खात्री
- प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि अधिकृत निकालपत्रक
- बँक पासबुकाची प्रत (प्रवासभत्ता आणि शिष्यवृत्तीसाठी)
- पासपोर्ट

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. आधारवर वडिलांचं नाव मधे, दाखल्यावर आडनाव आधी, शाळेत "साई"चं इंग्रजीत तिसरंच काहीतरी. जिल्हा पातळीवर कुणी बघत नाही, राष्ट्रीय शिबिराच्या दारात सगळे बघतात. जन्माची नोंद बरीच उशिरा झालेली असेल तर वयावर शंका घेतली जाते आणि वैद्यकीय वयचाचणीला पाठवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण कागद सोबत हवेत.

निकालपत्रक जपा, हे परत सांगतो. प्रमाणपत्रावर फक्त क्रमांक असतो, गुण नसतात. दहावी-बारावीचे वाढीव गुण असोत की पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, पडताळणीच्या वेळी स्पर्धा अधिकृत होती हे दाखवावं लागतं. हॉल भाड्याने घेऊन "नॅशनल" भरवणाऱ्या स्पर्धा कमी नाहीत. भली मोठी ट्रॉफी मिळते, कागदाला किंमत शून्य.

## 6. शिडीच्या दोन बाजू

एक बाजू शाळेची: तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय. गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. दुसरी बाजू संघटनेची: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. तिचे वयोगट वेगळे असतात, आंतरराष्ट्रीय पातळीवर 18 आणि 21 वर्षांखालील. अठराखालच्या रिकर्व्हला 60 मीटर, त्यापुढे 70.

दोन्ही बाजू खेळा. पण भारतीय संघाची निवड संघटनेच्या बाजूने होते, भारतीय तिरंदाजी संघटनेच्या चाचण्यांतून. नुसत्या शालेय पदकांवर विसंबून राहू नका.

मूल खरंच चमकत असेल तर क्रीडा प्रबोधिनीचा (राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राचा) विचार करा. अमरावतीला तिरंदाजी जुनी आणि मुरलेली आहे. नाशिक रोडहून बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावती जवळ. टोकियो ऑलिंपिक खेळलेला सातारा जिल्ह्यातला प्रवीण जाधव प्रबोधिनीतून आणि पुढे सैन्यदलातून वर आला. घर सुटतं, हे खरं. बारा वर्षांच्या पोराला पाठवायचं का, हे मी सांगू शकत नाही.

## 7. मोठ्या स्पर्धेचं गणित

हा भाग मुलासोबत बसून वाचा. सराव कसा करायचा ते यावरून ठरतं.

पहिला दिवस रँकिंग राउंड. 72 बाण, सहा-सहाच्या बारा फेऱ्या, एकूण 720 पैकी गुण. यावरून क्रम लागतो आणि बाद फेरीत कोण कुणाशी भिडणार ते ठरतं. बरोबरी झाली तर ज्याचे दहा जास्त तो वर, तेही सारखे असतील तर आतल्या छोट्या वर्तुळातले, म्हणजे एक्स, मोजतात.

आता आशियाई स्पर्धेतली खरी मेख. एका देशाचे दोघेच वैयक्तिक बाद फेरीत जातात. म्हणजे रँकिंग राउंडमध्ये पहिली लढत आपल्याच संघातल्यांशी. हांगझोऊला कंपाउंड पुरुषांचा अंतिम सामना ओजस आणि अभिषेक वर्मा या दोन भारतीयांतच झाला, ओजस 149-147 ने जिंकला. सांघिक सुवर्ण घेणारा प्रथमेश वैयक्तिक बाद फेरीत नव्हता. जागतिक दर्जाचा खेळाडूही असा बाहेर राहतो.

रिकर्व्हची वैयक्तिक लढत सेटमध्ये असते. एका सेटला तीन बाण. सेट जिंकला की दोन गुण, बरोबरीला एक-एक. सहा गुण आधी करेल तो जिंकला. पाच-पाच झालं तर एकेक बाण, मध्याच्या जवळचा जिंकतो. हे उदाहरण बघा:

- पहिला सेट 28-27, आपण 2-0
- दुसरा सेट 24-30, बरोबरी 2-2
- तिसरा 29-28, आपण 4-2
- चौथा 28-27, आपण 6-2, सामना जिंकला

बेरीज करा. आपले 109, समोरच्याचे 112. तीन गुण कमी आणि तरी विजय. म्हणून एक सेट वाईट गेला तर तो तिथेच सोडून देता यायला हवा. सरावात नुसते बाण मोजू नका, मुलांना जोड्या लावून सेट खेळायला लावा.

कंपाउंडमध्ये हा दिलासा नाही. पंधरा बाण, 150 पैकी सरळ बेरीज. एक आठ पडला की तो शेवटपर्यंत अंगाला चिकटतो. ओजसने 2023 च्या बर्लिन जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 150 पैकी 150 केले होते. त्या पातळीवर नऊ म्हणजे चूक.

सांघिक लढतीत तिघे, मिश्रमध्ये एक मुलगा-एक मुलगी. सांघिक सेटला सहा बाण दोन मिनिटांत. मिश्रला चार बाण, 80 सेकंद. मोठ्या वैयक्तिक सामन्यांत आलटून-पालटून सोडतात, एका बाणाला 20 सेकंद. घरी मोबाइलवर 20 सेकंदांचा गजर लावून सराव करा. पहिल्या दिवशी मुलं चिडतात, आठवड्याने सरावतात.

## 8. पहिल्या स्पर्धेचा दिवस

शिट्टी किंवा भोंगा ओळखा. दोनदा वाजला की रेषेवर या. एकदा वाजला की सोडायला सुरुवात. तीनदा म्हणजे बाण आणायला चला. पाच किंवा जास्त वेळा सलग वाजला तर जिथे असाल तिथे थांबा, दोरी ओढलेली असेल तर सावकाश परत आणा.

जीन्स आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे आंतरराष्ट्रीय नियमात चालत नाहीत. जिल्ह्याला कुणी अडवत नाही म्हणून सवय लावू नका. बूट पाय झाकणारे हवेत. प्रत्येक बाणावर खेळाडूची आद्याक्षरं हवीत. पर्मनंट मार्कर बॅगेत ठेवा.

गुण लिहून पूर्ण होईपर्यंत बाणाला किंवा टार्गेटला हात लावायचा नाही. बाण रेषेला टेकलेला असेल तर वरचा गुण मिळतो, आणि वाद झाला तर पंच येतात. हात लागला की तो वादच संपतो, बहुधा तुमच्या विरुद्ध. पंचांनी बघितल्यावर बाण काढताना डावा पंजा टार्गेटवर बाणाला लागून टेकवा, उजव्या हाताने बाण कागदाच्या जवळ धरा, मागे कुणी उभं नाही ना ते वळून बघा आणि सरळ ओढा. शेपटीकडून धरून हिसका दिला तर कार्बनचा बाण तडकू शकतो. बाण काढून झाले की भोकांवर पेनाने छोटी खूण करा, पुढच्या फेरीत बाण टप्पा खाऊन पडला तर नवं भोक ओळखता येतं.

पालकांनी मागे बसायचं. प्रत्येक बाणानंतर मुलाच्या तोंडाकडे बघू नका. मुलांना ते पाठीतून कळतं.

## 9. औषधं

छोटा मुद्दा, पण करिअर संपवणारा. हाताची थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर गटाची औषधं तिरंदाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही प्रतिबंधित आहेत. डॉक्टर ब्लड प्रेशर, धडधड, कधी मायग्रेनसाठीही ती देतात. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य "मूल तिरंदाजी खेळतं" हे असू द्या. औषध खरंच गरजेचं असेल तर उपचारासाठीची परवानगी आधी मागता येते. जिममधल्या पावडरी आणि लेबल नसलेल्या पुड्या, मग त्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" का असेनात, घरात आणू नका.

## 10. चाचणीचं पत्र आलं तर

राष्ट्रीय क्रमवारीत वर आल्यावर निवड चाचणीला बोलावतात, आणि ती बऱ्याचदा सोनीपतच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात असते. नाशिक रोडहून दिल्ली, तिथून सोनीपत. उन्हाळ्यात तिकडची लू आणि हिवाळ्यातलं धुकं, दोन्हींत साईट बदलावी लागते. दोन दिवस आधी पोहोचा. चाचणी एका फेरीत संपत नाही, दिवसेंदिवस चालते आणि एकेक नाव गळत जातं. परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

पासपोर्ट पत्राची वाट न पाहता काढा. नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच मिळतो, आणि बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. म्हणजे वापरायला साडेचारच वर्षं. 2026 ची आशियाई स्पर्धा जपानच्या आयची-नागोयात, 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर. अशा स्पर्धेची व्हिसा-व्यवस्था संघाकडून होते, पण पासपोर्टची मुदत संपलेली असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

विमानात धनुष्य आणि बाण केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इनलाच द्यायचे. कडक बो केस घ्या, लिंब्स काढून कपड्यांत गुंडाळा, आणि केससह वजन घरीच काट्यावर करून बघा. स्टॅबिलायझरची वजनं आणि अवजारं धरली की केस वाटते त्यापेक्षा जड भरते. फिंगर टॅब मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. केस उशिरा आली तर धनुष्य कुणाचं तरी उसनं मिळतं. बोटांना बसलेला टॅब उसना मिळत नाही.